‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : एका हौशी संघाच्या प्रयोगाचं प्रकरण

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हौशी संघ करतो तेव्हा रंगमंचावरही हौशी संघच असतो. मुंबईची एक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली असते. प्रयोगाला अजून वेळ असतो, एकदोघं पोचलेले नसतात, आणि गावातल्या सामंत नावाच्या भाबड्या माणसाला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गमतीगमतीत एक खोटा खटला उभा राहतो. आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभं करतात. आरोप भ्रूणहत्येचा, कलम ३०२. पहिला अंक हसण्यात जातो. पुढे एकेक साक्षीदार बेणारेबाईंचं खरं आयुष्य उघडं करत जातो आणि तिसऱ्या अंकात गंमत म्हणण्यासारखं काहीही उरत नाही.

१९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं हे नाटक पहिल्यांदा केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. सुलभाताई स्वतः शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या संघांनी हे नाटक केलंय. एकच सेट, मोजकी पात्रं, अर्ध्याहून जास्त भूमिकांना सलग काम. स्पर्धेच्या दृष्टीनं सोयीचं म्हणून ते निवडलं जातं. आम्हीही तसंच निवडलं. इथे लिहितोय ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या संघानं हौशी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी केलेल्या प्रयोगाबद्दल. माणसांची नावं देत नाही. का देत नाही ते पुढे कळेल. माझ्याकडे रंगमंच व्यवस्था आणि प्रॉम्प्टिंग होतं, म्हणजे प्रत्येक तालमीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी हजर.

दिग्दर्शक आमचे सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. पात्रयोजनेच्या दिवशीच पहिला पेच पडला. संघात एक खरे वकील आहेत, तालुका कोर्टात बरीच वर्षं काम करतात, आवाज खणखणीत. सुखात्मे, म्हणजे नाटकातला वकील, त्यांनाच मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्यांनीही. सरांनी त्यांना सामंत दिला. सुखात्मे दिला विमा कंपनीतल्या एका अधिकाऱ्याला, ज्यानं कोर्टाची पायरी कधी चढलेली नव्हती. वकीलसाहेब आठवडाभर नाराज होते. सरांचं म्हणणं असं, की सुखात्मे हा वकिली न चाललेला वकील आहे. कोर्टात जे कधी जमलं नाही ते तो इथे या बाईवर करून बघतो. खरा वकील ते काम सफाईनं करील, आणि सफाई आली की पात्राची भूक दिसत नाही. मला हे तेव्हाही पटलं होतं. प्रयोगानंतर तर खात्रीच झाली.

पण वकीलसाहेब गप्प बसणारे नव्हते. त्यांनी संहितेच्या समासात पेन्सिलीनं कायद्याच्या चुका टिपायला सुरुवात केली, आणि एका रविवारी त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दिवस मी तोच मानतो.

सुरुवात आरोपापासून. ३०२ म्हणजे खून. भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ खालचं तिसरं स्पष्टीकरण सांगायचं की आईच्या पोटातल्या अर्भकाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध ठरत नाही. गर्भपातासाठी वेगळं कलम होतं, ३१२, आणि बाईचा जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कारणानं केलेल्या गर्भपातात त्या कलमाखाली ती बाईही गुन्हेगार ठरायची. नाटक आलं तेव्हा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा नव्हताच, तो १९७१ साली झाला. म्हणजे आरोपाचं कलमच चुकीचं. पुढचा मुद्दा साक्षींचा. बेणारेबाई कुणाशी कशा बोलतात, कुणाच्या खोलीवर गेल्या, एवढं वय होऊन लग्न का केलं नाही, हे सगळं तेव्हाच्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे फौजदारी खटल्यात गैरलागू. आरोपीनं स्वतःच आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला असेल तरच वाईट चारित्र्याचा मुद्दा येऊ शकतो. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं सांगायचं असतं. नाटकातला सामंत तर वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. फिर्यादीचा वकील आणि बचावाचा वकील एकच, सुखात्मे. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, साक्ष देतात, परत खुर्चीत बसून निकाल देतात.

हातोड्याबद्दलही ते बोलले. इतक्या वर्षांत एकाही न्यायाधीशाच्या हातात त्यांनी हातोडा पाहिला नव्हता. तो सिनेमातून आलेला. शपथेच्या कायद्यात, म्हणजे १९६९ च्या, कुठल्याही ग्रंथावर हात ठेवायची अट नाही. नाटकात तर शपथ इंग्रजी शब्दकोशावर होते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “साहेब, एकही चूक दुरुस्त करायची नाही. पण प्रत्येकाला आपण कुठला नियम मोडतोय ते पाठ पाहिजे.”

त्या दिवसापासून तालमीची पद्धत बदलली. साक्षीच्या प्रसंगाआधी वकीलसाहेब त्या नटाला बाजूला घेऊन सांगायचे की खऱ्या कोर्टात या वाक्याला हरकत कुणी घेतली असती आणि का. मग तो नट ते वाक्य म्हणायचा आणि क्षणभर थांबायचा, हरकत येतेय का ते बघत. हरकत येत नाही. पुढचं वाक्य थोडं अधिक धीट होतं. हे प्रेक्षकाला शब्दांत कळत नाही, पण माणसं एकमेकांकडे बघून धीट होत चालली आहेत हे दिसतं. नाटकाचा सगळा चढ या एवढ्याशा जागेतून बांधता आला.

सगळ्यात जास्त फरक पडला काशीकरांमध्ये. ती भूमिका करणारे गृहस्थ कानकोरणं, हातोडा, सगळ्यातून हशा काढायचे, साक्ष द्यायला उतरतानाही टुणकन उतरायचे. न्यायाधीश आपल्याच खटल्यात साक्षीदार होऊ शकत नाही हे समजल्यावर त्यांनी त्या जागी काय केलं ते मी विंगेतून रोज पाहायचो. हातोडा अलगद टेबलावर ठेवायचे. उठायचे. उजवीकडे सुखात्म्यांकडे बघायचे, डावीकडे बायकोकडे. कुणीच काही म्हणत नाही. मग सावकाश पायरी उतरून, सदऱ्याची बाही सारखी करून पिंजऱ्यात. जेमतेम पंधरा सेकंदांचं काम. प्रयोगात त्या जागी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीची करकर ऐकू आली.

याच सुमाराला ३०२ चा वाद झाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३. संघातल्या तरुण मुलांना वाटलं, कलम बदलावं, म्हणजे नाटक आजचं वाटेल. सरांनी साफ नाही म्हटलं, आणि त्याला व्यवहाराचंही कारण होतं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र संहितेला असतं. त्या संहितेत आपल्या मनानं बदल करायचे नसतात. शिवाय लेखकाचा हक्क. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०६८ संपेपर्यंत हक्कधारकांची परवानगी आणि मानधन याला पर्याय नाही. जुनं नाटक आहे, कोण विचारतंय, असं म्हणणारे संघ आजही भेटतात. हे चुकीचं आहे. स्पर्धेत अडचण येते म्हणून तर चुकीचं आहेच, लेखकाच्या कामावर आपण उभे असतो म्हणून आधी चुकीचं आहे. आणि ३०२ हा आकडा कायद्याचं पुस्तक न उघडलेल्या माणसाच्याही कानात बसलेला आहे. नाटकातल्या मंडळींनाही कायदा तेवढाच माहीत आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहावंसं वाटलं, ती.

बेणारे करणारी आमची सहकारी एका पतसंस्थेत नोकरी करते. तिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही, आईसोबत राहते. तालमी रंगात आल्या तशी सगळ्यांना एकमेकांना पात्रांच्या नावानं हाक मारायची सवय लागली. काशीकर, चहा घ्या. रोकडे, पंखा लाव. हे प्रत्येक संघात होतं. तिला मात्र ‘काय बेणारेबाई’ ही हाक बाजारातही यायला लागली, स्टँडवरही. हाक मारणाऱ्याच्या आवाजात जे असायचं ते काशीकरांना मारलेल्या हाकेत नसायचं. मग ताप आल्यामुळे ती दोन दिवस तालमीला येऊ शकली नाही, आणि पोंक्षे करणाऱ्या मुलानं संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या तब्येतीवर एक विनोद टाकला. नाटकातल्या आरोपाला धरून. त्याखाली हसण्याच्या खुणा आल्या, चारपाच जणांच्या. कुणीही काही बोललं नाही. रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. चहा होईपर्यंत थांबली आणि सरांना सगळ्यांसमोर म्हणाली, “तिसरा अंक मी करीन. पण तालीम संपल्यावरही तो बाहेर चालूच राहणार असेल तर मला जमणार नाही.”

हॉलमध्ये पहिली प्रतिक्रिया आली ती अशी, की अगं, गंमत होती. बोलणारा माणूस वाईट नाही, आजही माझा मित्र आहे. पण मिसेस काशीकर करणाऱ्या काकू उठून उभ्या राहिल्या. “आपल्या नाटकातली माणसं वेगळं काय म्हणतात? तीसुद्धा गंमतच म्हणतात ना? महिनाभर पाठ करतोय आपण.” त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. सरांनी त्या दिवशी तालीम घेतली नाही, नुसतं बसवून ठेवलं आणि एकेकाला विचारलं, तू हसण्याची खूण का टाकलीस. उत्तरं साधी होती. सगळ्यांनी टाकली म्हणून. मनात काही नव्हतं. वाचलंच नव्हतं नीट. सामंत, म्हणजे आमचे वकीलसाहेब, म्हणाले की कोर्टात साक्षीदार अशीच उत्तरं देतात.

निर्णय दुसऱ्या दिवशी झाला. विनोद टाकणाऱ्याची भूमिका काढून घेतली. प्रयोगाला तीन आठवडे राहिले होते. पोंक्षे काही किरकोळ काम नाही. बेणारेबाईंनी आपल्याला लग्नाबद्दल विचारलं होतं, हे उघड करणारी साक्ष त्याची, त्यांच्या पर्समधल्या विषाच्या बाटलीचा विषय त्याचा. दुसऱ्या अंकापासून नाटकाचा भार ज्या साक्षींवर आहे त्यातली ती मोठी. बदली म्हणून आला प्रकाशयोजनेत मदत करणारा एकवीस वर्षांचा मुलगा, ज्याला पोंक्षेच्या तोंडातला तंबाखूचा पाईप कसा धरायचा इथपासून शिकवायचं होतं. संघातल्या निम्म्या लोकांना हा निर्णय जास्तच कडक वाटला. माफी मागितली ना, मग पुरे, असं त्यांचं म्हणणं. काही जणांना स्पर्धेची काळजी होती आणि ती खोटी नव्हती.

माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे, की निर्णय बरोबर होता. माफी त्यानं मागितली, मनापासून मागितली. पण दर संध्याकाळी पिंजऱ्याशेजारी उभं राहून तिच्यावर तीच साक्ष तो देणार, आणि ती ऐकताना हा आता पात्र म्हणून बोलतोय की स्वतः, याचा हिशेब तिनं करत बसायचा. हा भार तिच्यावर टाकायचा अधिकार संघाला नव्हता. नटीला तिसऱ्या अंकात तुटायचं असेल तर पायाखाली जमीन पक्की लागते. ती देणं हे दिग्दर्शकाचं काम आहे, तिचं नाही.

सोबत दोन नियम केले. तालमीच्या हॉलबाहेर पात्राच्या नावानं हाक मारायची नाही, कुणालाच नाही. आणि तिसरा अंक झाला की ट्यूबलाइट लावून सगळ्यांनी गोल बसायचं, खऱ्या नावांनी एकमेकांशी बोलायचं, घरी काय भाजी आहे, उद्या कुणाला सुट्टी आहे, काहीही, पण पाच मिनिटं बसायचं. सुरुवातीला अवघड वाटलं. नंतर काकू डबा आणायला लागल्या आणि पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. असा प्रसंग असलेलं नाटक करणाऱ्या कुठल्याही संघाला मी हे आवर्जून सांगेन.

दाराबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण माझी झोप त्यानं घालवली होती. नाटकात सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चिमटतं आणि सामंत सांगतो की ही कडी जरा बाहेर राहिली नि दार ओढलं की आत अडकलातच. पुढे त्या निघून जायला बघतात तेव्हा नेमकं तेच होतं. म्हणजे दार पहिल्या पाच मिनिटांत सहज उघडलं-मिटलं पाहिजे आणि नंतर गदगदा हलवलं तरी उघडता कामा नये. आमचं दार प्लायच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीत, बसवलेलं. पहिल्या रंगीत तालमीत तिनं दार हलवलं आणि अख्खी भिंत हलली, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरींसकट. प्रेक्षक तिथे हसला असता तर नाटक संपलंच. शेवटी चौकट फ्लॅटपासून सुटी केली, मागून दोन्ही बाजूंना तिरके लाकडी टेकू दिले, टेकूंच्या पायाशी वाळूच्या गोण्या. कडी खरी, जुन्या बाजारातून आणलेली लोखंडी, आणि तिच्यामागे मी स्वतः. ठरलेल्या क्षणी बाहेरून खिळा अडकवायचा. त्या खिळ्याचा आवाज व्हायला नको म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. आता भिंत स्थिर आणि दार मात्र आतून धडधडतंय, असं दिसायला लागलं.

प्रयोगाच्या दिवशी पहिला अंक आमचा पडल्यासारखा गेला. नवा पोंक्षे घाबरलेला, पाईप दोनदा खाली. दुसऱ्या अंकात मिसेस काशीकरांच्या शेऱ्यांवर प्रेक्षागृहातून हशा आला, बायकांचाही. तालमीत सरांनी काकूंना बजावलं होतं, हशा आला तर थांबू नका आणि वाढवूही नका. काकूंनी तो तसाच जाऊ दिला. मला वाटतं प्रेक्षकानं तिथे हसायलाच हवं. जो दुसऱ्या अंकात हसला त्यालाच तिसऱ्या अंकात आपण कुठे बसलो होतो ते आठवतं.

बेणारेबाईंच्या स्वगताला सगळी पात्रं होती तिथे थिजतात आणि ती एकटी बोलते. हे स्वगत म्हणजे स्पर्धेतल्या नट्यांची परीक्षा झाली आहे. निळा स्पॉट, मागे व्हायोलिन, शेवटी किंकाळी, हा ठरलेला मार्ग. सरांनी प्रकाश बदलला नाही. हॉलचाच पिवळट उजेड ठेवला, संगीत काढून टाकलं. ती सुरुवातीला शिक्षिकेच्या आवाजात बोलली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या आवाजात, आणि तो आवाज तिनं मध्येच एका ठिकाणी सोडला. त्यानंतर काशीकरांचा निकाल येतो. ज्या कोर्टानं भ्रूणहत्येचा आरोप ठेवला तेच कोर्ट पोटातला गर्भ नष्ट करावा असं फर्मावतं. वकीलसाहेबांच्या समासात त्या निकालापुढे एवढंच लिहिलेलं होतं : आरोप आणि शिक्षा एकच.

स्पर्धेत आमचा क्रमांक आला नाही. तिला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. पोंक्षे न बदलता काय झालं असतं याची चर्चा संघात अजून होते.

पुढे एका महाविद्यालयात प्रयोग झाला आणि नंतर मुलींशी गप्पा. पहिलाच प्रश्न आला, आज अशा बाईला कायद्यानं काय करता आलं असतं? उत्तर वकीलसाहेबांनी दिलं. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहितेला होतं. २०२१ च्या दुरुस्तीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ ऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यातही अविवाहितेला वगळता येणार नाही. आणि मूल ठेवायचं असेल तर? दुसऱ्या मुलीनं विचारलं. बेणारेबाईंना मूल हवंच आहे, तिला बाप हवाय तो मुलाला नाव मिळावं म्हणून. वकीलसाहेब म्हणाले की त्याला कायद्याची आडकाठी तेव्हाही नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मागता येईल असाही निकाल दिलाय. “आडकाठी काशीकरांची होती,” ते म्हणाले, आणि काशीकर करणारे गृहस्थ शेजारीच बसले होते, त्यांनी मान हलवली.

पावसाळ्यानंतर आणखी प्रयोग ठरले आहेत. नव्या पोंक्ष्याचा पाईप आता खाली पडत नाही. ज्याची भूमिका काढली त्यानं परत यायची इच्छा सरांकडे बोलून दाखवली. सरांनी तो निर्णय स्वतः घेतला नाही, तिला विचारलं. तिनं एक दिवस मागून घेतला आणि सांगितलं, सेट लावायला येऊ दे, रंगमंचावर नको, आणि ग्रुपवर तर नकोच. तो यायला लागलाय. दाराचे टेकू आणि गोण्या आता त्याच्याकडे आहेत.